दीड महिन्याच्या बाळाला पेंटा लस द्यावी का? ती सुरक्षित आहे का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. पेंटाने बाळं दगावतात असा जो व्हिडिओ तुमच्या मिस्टरांनी दाखवला त्यात तथ्य किती? ताप येणारच असेल तर खाजगी दवाखान्यातली ‘पेनलेस’ का घेऊ नये? आणि अंगणवाडीत येणाऱ्या लशीचा भरवसा काय? मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो, म्हणजे लशींचा फ्रीज माझ्या ताब्यात असायचा. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त बोलेन.

द्यावी का, याचं उत्तर आधीच देतो: द्या, आणि वेळेवर द्या. आता कारणं.

पेंटा म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि ‘हिब’ या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर, या पाचांवरची एकत्र लस. भारतात ती डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली. व्हिडिओतला माणूस सगळंच हवेतून बोलत नाही. लशीनंतर बाळं दगावल्याच्या बातम्यांमुळे श्रीलंकेने २००८ मध्ये आणि भूतानने २००९ मध्ये ही लस थांबवली होती. व्हिएतनामनेही २०१३ मध्ये थांबवली. एवढं सांगून व्हिडिओ संपतो. पुढचं असं की तपासणीनंतर श्रीलंकेने २०१० मध्ये, भूतानने २०११ मध्ये आणि व्हिएतनामने २०१३ च्याच शेवटी ती पुन्हा सुरू केली. आपल्याकडे दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. श्रीलंकेतल्या मृत्यूंची ‘लशीमुळे की नाही’ अशी वर्गवारी तज्ज्ञांनी ज्या पद्धतीने केली, त्यावर त्यांचा आक्षेप होता. असे प्रश्न विचारणारा माणूस मला तरी शत्रू वाटत नाही. लशीनंतर मूल गेलं तर शवविच्छेदन व्हावं, अहवाल आईबापांच्या हातात पडावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्यावरून लसच बंद करा म्हणणं मला पटत नाही.

का पटत नाही, ते हिशेबाने बघू. भारतात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार देशात हजारातली २८ बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत (महाराष्ट्रात १६). म्हणजे वर्षाला सुमारे सात लाख. त्यातली बरीचशी पहिल्या महिन्यातच जातात. उरलेल्यांपैकी अनेकांचं वय नेमकं पेंटाच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या आसपासचं असतं. लस अगदी साध्या पाण्याची असती, तरी त्यातली काही मुलं लस दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत गेलीच असती. घरच्यांना ते कसं सांगणार! सुई टोचलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. पण ठरवायचं असेल तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलनाच करावी लागते.

अशा तुलनेत लस दोषी ठरली, तर ती मागे घेतली जाते. अमेरिकेत रोटाशील्ड नावाची रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूवरची) लस १९९८ मध्ये आली. तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्यात आतडं शिरतं, असं आढळलं आणि वर्षभरातच, १९९९ मध्ये, ती बाजारातून गेली. आपल्याकडची पोलिओची तोंडावाटे द्यायची लसही लाखोंत एखाद्या मुलाला लुळं करू शकते. म्हणून तर २०१५ पासून पोलिओचं इंजेक्शन आलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतला एक प्रकारचा विषाणू काढून टाकला. ‘लस शंभर टक्के सुरक्षित’ असं जे पोस्टर लावतात, ते मला कधीच आवडलं नाही. लोकांना खरं सांगितलं तर कळतं.

आता ‘पेनलेस’. यात सुई तीच, टोचतं तेवढंच. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या घटकात. सरकारी पेंटामध्ये मारलेला अख्खा जंतू असतो, महागड्या लशीत त्याची निवडक प्रथिनं. अख्ख्या जंतूने ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. क्वचित तापामुळे झटका येतो किंवा बाळ थोडा वेळ मलूल पडतं. निवडक प्रथिनांनी हे सगळं कमी होतं.

या दुसऱ्या लशीचा जन्म जपानमधल्या अशाच वादातून झाला. १९७४-७५ च्या हिवाळ्यात तिथे लशीनंतर दोन बाळं दगावली. सरकारने लस थांबवली, काही महिन्यांनी मोठ्या वयाच्या मुलांसाठी पुन्हा चालू केली, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण १९७६ पर्यंत दहा टक्क्यांवर आलं. १९७९ मध्ये डांग्या खोकल्याचे १३ हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. १९८१ मध्ये जपानने सौम्य लस आणली. शंका घेणाऱ्यांमुळे चांगली लस मिळाली हे खरंच, पण मधल्या काळात लस थांबवल्याची किंमत लहान मुलांनी मोजली. आणि सौम्य लशीचाही एक तोटा पुढे कळला: तिचं संरक्षण लवकर ओसरतं. कॅलिफोर्नियात सगळ्यांना हीच लस मिळत होती, तरी २०१० मध्ये नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळं गेली. तेव्हा पैसे नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. खिशाला परवडत असेल आणि तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगत असतील तर घ्या, पण सरकारी म्हणजे दुय्यम असं समजू नका.

आता माझा विषय, म्हणजे तो फ्रीज. व्हिडिओवाल्यांना कुपीत काय आहे याची भीती वाटते. मला मात्र नोकरीभर भीती वाटली ती कुपी हाताळणाऱ्यांची. यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ ला बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, आठवत असेल. मुलं सुदैवाने बरी झाली. दक्षिण सुदानमध्ये २०१७ साली गोवराच्या मोहिमेत एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरली, लस चार दिवस उघड्यावर ठेवली आणि पंधरा मुलं गेली. लस चांगलीच होती.

पेंटा दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. दिवसातून दोनदा तापमान बघून वहीत लिहायचं, लाइट गेली तर झाकण उघडायचं नाही. लोकांना वाटतं उष्णतेने लस खराब होते, पण पेंटाला गोठणं जास्त वाईट. म्हणून लस गावात नेण्याच्या डब्यात ठेवायचे बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून थेट भरत नाहीत. बाहेर ठेवून ते थोडे वितळू द्यायचे, आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच लशीच्या डब्यात. घाईत सिस्टरबाई “भरा ना पटकन” म्हणतात, पण तिथे घाई चालत नाही. गोठून वितळलेली पेंटा हलवून ठेवली की तळाशी भराभर गाळ बसतो. तशी संशयास्पद कुपी आम्ही बाजूला काढायचो.

लशीला उष्णता लागली का, हे तुम्हालाही तपासता येतं. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका हवा. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर त्या कुपीला जास्त उष्णता लागलीय, ती नको म्हणा. सिरिंज तुमच्यासमोर पाकीट फाडून काढायला सांगा. ती एकदा वापरली की तिचा दट्ट्या अडकतो, पुन्हा ओढता येत नाही. कोणी वैतागलं तर वैतागू द्या. चांगली नर्स उलट स्वतःहून दाखवते.

पेंटा डाव्या मांडीत देतात. लशीनंतर अर्धा तास तिथेच थांबा, कारण जीवघेणी अ‍ॅलर्जी आलीच तर ती बहुतेक तेवढ्यात येते आणि औषध तिथे असतं. पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो सिस्टरना विचारून कार्डावर लिहून घ्या. सासूबाईंना सांगा, मांडीला हळद, बर्फ किंवा तेल काही लावायचं नाही. सर्दी-पडसं असेल तर लस चुकवू नका. पण आधीच्या लशीनंतर बाळाला झटका आला असेल, श्वास अडकला असेल किंवा दवाखान्यात ठेवावं लागलं असेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीन-चार तास न थांबणारं रडणं, झटका किंवा अंग गळून जाणं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि कोणती लस कधी दिली ते सांगा. गंभीर घटनेची नोंद होऊन ती जिल्ह्याच्या समितीकडे जावी लागते. ती झाली का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाला जाल तेव्हा एक गोष्ट वेगळी विचारा: कुपी किती वाजता फोडली? ती लस पावडर असते, द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. वेळ कुपीवरच लिहिलेली असते. सकाळी फोडलेली कुपी दुपारी तीनला पुढे आली तर नवी फोडायला सांगा, किंवा पुढच्या सत्राला या.