आधी प्लग बघा, कार्बोरेटर नंतर

प्रश्न : माझा पेट्रोलवरचा चेनसॉ वीसेक वर्षांचा आहे. दोन वर्षं तो तसाच पडून होता, टाकीत पेट्रोलही तेव्हाचंच. आता चोक लावून तीस-चाळीस वेळा दोरी ओढली, पण मशीन साधं फुरफुरतही नाही. प्लग नवा टाकून पाहिला. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटरच बदला. बदलू का?

उत्तर : इतक्यात नको. आणि आधी दोरी ओढणं थांबवा. चोक लावून चाळीस वेळा ओढल्यावर आत पेट्रोलचा पूर तरी आलाय, नाहीतर तिथे थेंबही पोचत नाहीये. यातलं काय, ते नवा प्लग काढून बघितला की लगेच कळेल.

त्याआधी टाकी रिकामी करा. दोन वर्षांत पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन बघा : दोन थर दिसले किंवा व्हार्निशसारखा वास आला तर ते कामातून गेलं. नवं मिश्रण कॅनमध्ये हलवून करा, टाकीत नाही. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. तुमच्या मशीनला कुठलं प्रमाण, ते पुस्तिकेत असतं, कधी टाकीच्या झाकणावरही असतं. अंदाजाने ‘थोडं जास्तच टाकू’ करू नका, त्याने प्लग काळा पडतो.

आता प्लग. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय. मशीन उलटं करा म्हणजे प्लगचं भोक खाली येईल. चोक काढा, स्विच बंद ठेवा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा. साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. ते पुसून घ्या आणि वाफ जाईपर्यंत मशीनपासून लांब राहा. मग ठिणगी तपासा. तुमच्याकडे जुना प्लग आहे, त्याचा इथे चांगला उपयोग होतो : तो भोकात बसवून भोक बंद करा. नवा प्लग कॅपमध्ये खोचा, त्याची धातूची बाजू सिलिंडर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना घट्ट टेकवा, स्विच चालू करा आणि सावलीत दोरी ओढा. प्लग उघड्या हाताने धरू नका, झटका जोरदार बसतो. निळी, कडक ठिणगी दिसायला हवी. पिवळट आणि मरतुकडी असेल तर ती नसल्यातच जमा. नव्या प्लगचं अंतरही मोजा. बहुतेक चेनसॉंना ०.५ मिमी चालतं. नवा आहे म्हणून बरोबरच असेल असं नाही.

ठिणगीच नसेल तर लगेच कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) विकत घेऊ नका. कॉइलवरून स्विचकडे जाणारी बारीक वायर काढून पुन्हा बघा. आता ठिणगी आली तर कॉइल ठीक आहे. वायरचं आवरण कुठेतरी घासून ती बॉडीला टेकतेय किंवा स्विच खराब आहे. (वायर काढलेली असताना मशीन सुरू झालं तर ते स्विचने बंद होणार नाही, चोक लावून बंद करा.) तरीही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने काढा. मग कॉइलचे स्क्रू ढिले करा, चुंबक कॉइलसमोर आणा, मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवून कॉइल टेकवा आणि स्क्रू आवळून कार्ड काढून घ्या. साधारण ०.३ मिमी फट मिळते. यानंतरही काही नाही, तेव्हा कॉइलला दोष द्या.

उलट प्लग कोरडा खडखडीत असेल तर भोकात अर्धा चमचा ताजं मिश्रण टाका, प्लग लावा, चोक न लावता ओढा. दोन सेकंद चालून मशीन बंद पडलं की समजा : ठिणगी आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, अडलंय ते टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत. वाकवलेल्या तारेने टाकीतली नळी बाहेर ओढा आणि टोकाचा फिल्टर बदला. नळी टाकीतून जिथे बाहेर पडते तिथे वाकवून बघा. जुन्या नळ्यांना नेमक्या तिथेच भेगा जातात. मग पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते.

नळी चांगली असेल तरच कार्बोरेटर उघडा. चार स्क्रूंच्या झाकणाखाली डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा असतो. बोटाने दाबून बघा, तो मऊ हवा. प्लास्टिकच्या कागदासारखा कडकड वाजला तर तो पेट्रोलची वाट उघडणारी सुई उचलू शकत नाही आणि पेट्रोल आत येत नाही. बहुतेक वेळा पूर्ण कार्बोरेटर बदलायची गरज नसते. डायफ्रॅम, गॅस्केट आणि सुईचा किट पुरतो. बसवताना क्रम चुकतो, तो लक्षात ठेवा : सुईच्या बाजूला आधी गॅस्केट, वर डायफ्रॅम, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या बाजूला (दुसऱ्या झाकणाखाली) आधी डायफ्रॅम, वर गॅस्केट. पंपाच्या बाजूची बारीक जाळीही धुऊन घ्या. एच आणि एल स्क्रू (जास्त आणि कमी वेगाला पेट्रोल किती यावं ते ठरवणारे) हलकेच शेवटपर्यंत आत फिरवून एकेक फेरा बाहेर काढा. सुरू व्हायला एवढं पुरतं, बाकीचं जुळवणं मशीन तापल्यावर.

सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, बुटाचं टोक मागच्या मुठीत अडकवा. हवेत धरून झटका देणं बघायला सोपं वाटतं, पण त्यातच पाय कापले जातात. चोकवर एकदा ‘फट’ झालं की चोक लगेच अर्ध्यावर आणा. हा पहिला आवाज कानावर न घेतल्यानेच निम्मे प्लग ओले होतात.

प्रश्न : थंड असताना लगेच सुरू होतो. पंधरा मिनिटांनी बंद पडतो आणि तासभर हूं की चूं करत नाही. असं का?

उत्तर : बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्’ करून हवा आत गेली आणि मशीन सुरू झालं, तर टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह चोंदलाय. पेट्रोल कमी होत जातं, जागा भरायला हवा येत नाही. झाकणाचा काही परिणाम नसेल तर मशीन गरम असतानाच ठिणगी बघा. गरम झाल्यावरच बंद पडणाऱ्या कॉइल असतात. थंड मशीनवर त्या अगदी साळसूद दिसतात.

प्रश्न : दोरी फारच हलकी लागते. पिस्टनच्या रिंग गेल्या असतील का?

उत्तर : दोरीच्या मुठीला धरून मशीन उचला. ते थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली यायला हवं. सरळ खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय. डिकॉम्प्रेशनचं (दोरी हलकी करायला दाब सोडणारं) बटण असेल तर ते आतच अडकलं नाही ना, हे आधी बघा. दाब मोजायच्या गेजवर १०० पीएसआयच्या खाली सुरू होणं कठीण, १३० च्या वर ठीक. मग सायलेन्सर काढून टॉर्चच्या उजेडात पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर नवी रिंग टाकून भागेल. उभे ओरखडे दिसले तर ते बिनऑइलच्या पेट्रोलवर चाललेलं असावं किंवा कुठूनतरी जास्तीची हवा ओढत असावं. तेव्हा नुसती रिंग टाकून उपयोग नाही. पिस्टन-सिलिंडर बदला आणि क्रँकचे सीलही बदला, नाहीतर नवा पिस्टनही तसाच जाईल.