जहाजावरून तारे बघायचेत, टेलिस्कोप नेऊ का?

प्रश्न: जुलैत आम्ही दोघं दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांच्या क्रूझवर चाललोय, नियुएलाही एक थांबा आहे. माझ्याकडे छोटा टेलिस्कोप आहे, तो न्यावा का? आणि आकाशगंगेचे फोटो येतील ना?

उत्तर: टेलिस्कोप घरीच ठेवा हो! डेक सतत हलतो, इंजिनची थरथर असते, त्यात शंभर पट मोठा केलेला तारा नुसता नाचत राहतो. ७×५० ची (सात पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) बायनॉक्युलर घ्या, बास. आकाशगंगेच्या फोटोला लागणाऱ्या लाँग एक्स्पोजरचंही (शटर बराच वेळ उघडं ठेवायचं) तेच, जहाजावर ताऱ्यांच्या रेघाच येणार, ट्रायपॉड बेटावर उतराल तेव्हा काढा. नियुएचा अख्खा देशच २०२० मध्ये डार्क स्काय, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेलं अंधारं आकाश, म्हणून मान्यता पावलाय, त्यामुळे तिथे रात्री उतरायला मिळालं तर सोडू नका.

खरा त्रास जहाजाच्याच दिव्यांचा होतो. वरच्या डेकवर स्विमिंग पूलचे दिवे, बारचे दिवे, तिथे काहीच दिसत नाही. पुढच्या टोकाला मात्र ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या खोलीतल्या) लोकांना रात्री समुद्र दिसायला हवा म्हणून बहुतेक अंधार ठेवतात, तिथे प्रवाशांना जाऊ देतात का हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. गेल्यावर अर्धा तास मोबाइल खिशातच, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून (मी घड्याळ बघायच्या नादात पहिली रात्र अशीच घालवली). टॉर्च लागलीच तर लाल.

चंद्राचं आधी बघा. अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम, पण तारखा पौर्णिमेनंतरच्या असल्या तरी हरकत नाही, वद्य पंचमीपासून चंद्र रात्री दहाच्या पुढेच उगवतो, तोवर आकाश तुमचं.

जुलैत रात्री नऊच्या सुमारास वृश्चिक जवळजवळ डोक्यावर असतो, त्यातला ज्येष्ठा तारा लालसर, खाली मूळ नक्षत्राची म्हणजे विंचवाची नांगी, आणि शेजारी धनु राशीत आकाशगंगेचा सगळ्यात जाड पट्टा. दक्षिणेला मित्र आणि मित्रक (अल्फा आणि बीटा सेंटॉरी) ही ठळक ताऱ्यांची जोडी, ती त्रिशंकूकडे (सदर्न क्रॉस) बोट दाखवते. ध्रुवतारा शोधू नका, तो विषुववृत्ताखाली क्षितिजाच्या खाली गेलेला असतो.

मॅगेलनचे मेघ, म्हणजे ढगासारख्या दिसणाऱ्या दोन शेजारच्या छोट्या दीर्घिका, बघायला मात्र पहाटे साडेचारला उठावं लागेल. मोठा मेघ आपल्यापासून सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षं लांब. मी आधी त्याला ढगच समजलो आणि वैतागून केबिनकडे वळलो होतो, पण बाकीचे ढग सरकून गेले आणि हा जागचा हलेना!