इतिहास त्यांचा पक्का आहे, आता कान तयार करा

तुमच्या प्रश्नाचा मला समजलेला सारांश असा: सासूबाई ६७ वर्षांच्या, ग्रीन कार्डाला सहावं वर्ष, अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज २०२५ च्या नोव्हेंबरात भरलेला. थंडीपुरत्या सदाशिव पेठेत आल्या आहेत, प्रश्नोत्तरांची वही पाठ करताहेत आणि सनावळीत गोंधळताहेत. इंग्रजी पेपर वाचतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. परीक्षा मराठीतून देता येईल का आणि पाठांतर कसं करून घ्यायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मराठीतून देता येणार नाही. ती सवलत वय आणि ग्रीन कार्डाची वर्षं मिळून ठरते: पन्नाशी ओलांडलेली आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, नाहीतर ५५ आणि १५ वर्षं. ज्यांचं वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्ड २० वर्षांचं, त्यांना तर फक्त २० ठरावीक प्रश्नांचाच अभ्यास करावा लागतो. सासूबाईंचं वय बसतं, वर्षं बसत नाहीत. डॉक्टरांच्या दाखल्यावर सूट मिळते, पण ती खरोखरच्या आजारासाठी किंवा अपंगत्वासाठी असते. ‘वय झालंय, आता लक्षात राहत नाही’ एवढ्यावर भागत नाही. कुणी ओळखीतून दाखला काढून देतो म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, त्यांच्या हातातली वही कुठली आहे ते आधी बघा. नातेवाइकांत फिरणारी १०० प्रश्नांची झेरॉक्स असेल तर ती रद्दीत टाका. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे. यादी १२८ प्रश्नांची, विचारतात जास्तीत जास्त २० आणि १२ बरोबर आले की पास. बारा झाले की अधिकारी थांबतो, नऊ चुकले तरी थांबतो. सगळं तोंडी, पर्याय वगैरे काही नाहीत.

आता माझी फजिती सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. मी पुण्यातल्या एका शाळेत २८ वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. मुलाकडे न्यू जर्सीत असताना २०१७ साली मुलाखतीला गेले ती अगदी छाती पुढे काढून. तेव्हा दहा प्रश्न विचारायचे, सहा बरोबर लागायचे. माझे पहिले सहाच्या सहा बरोबर. मनात म्हटलं, झालं काम. मग त्या बाईंनी माझा अर्ज उघडला आणि त्यातले प्रश्न भराभर विचारायला लागल्या. एका लांबलचक वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा मला कळला: सोसायटी. मी उत्साहाने सांगितलं, हो, सोसायटीची मेंबर आहे, कोथरूडला, दोन वर्षं सेक्रेटरीसुद्धा होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. विचारत होत्या ते संघटना, पक्ष, मंडळं यांच्याबद्दल, आणि मी आमच्या पाण्याच्या टाकीचं सांगत बसले. तिथून माझा धीर सुटला. पुढच्या दोन-तीन प्रश्नांना नुसतं ‘येस, येस’ म्हटलं, त्यात एक प्रश्न तुरुंगवासाचा होता. ‘ओथ’ म्हणजे काय, असं त्यांनी सोप्या भाषेत विचारलं, तर शपथ हा शब्द डोक्यात आणि इंग्रजी तोंडात येईना. इतिहासात पास, इंग्रजीत नापास असा कागद हातात घेऊन बाहेर आले. मुलगा गाडीत काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. नापास झालेल्याला ६० ते ९० दिवसांत आणखी एक संधी अधिकाऱ्यांना द्यावीच लागते. त्या संधीत सुटले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वहीतल्या प्रश्नांनी आपल्याकडची माणसं फारशी अडत नाहीत, ती अर्जातल्या शब्दांवर अडतात. सासूबाईंनी भरलेल्या अर्जाची प्रत काढा. त्यातल्या हो-नाहीच्या प्रश्नांमधला प्रत्येक अवघड शब्द त्यांच्याच अक्षरात मराठीत लिहून घ्या आणि शेजारी सोपं इंग्रजी. ‘ओथ’ म्हणजे ‘अ सीरियस प्रॉमिस’. ‘अरेस्ट’ म्हणजे ‘पोलीस टेक्स यू’. व्याकरण चुकलं तरी चालतं, अर्थ पोचला पाहिजे. आणि समजलं नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणायला शिकवा. ते म्हणण्यात काही कमीपणा नाही, न समजता ‘येस’ म्हणण्यात मात्र धोका आहे.

सराव समोर बसून घेऊ नका. समोर बसलं की आपण ओठ बघतो, चेहरा बघतो. दुसऱ्या खोलीतून फोन लावा, स्पीकरवर ठेवा, आणि त्या मटार सोलत असताना मधूनच प्रश्न टाका, क्रम मोडून. घरच्यांपेक्षा परका आवाज बरा. माझ्यासाठी शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा रोज संध्याकाळी दहा मिनिटं अधिकारी व्हायचा. तोंड दाबून, मुद्दाम अमेरिकन बोलायचा. त्याला मजा, मला घाम.

सनावळीचं सोपं आहे, सासूबाई पेठेतल्या आहेत ना? मग त्यांना पेशवाई येत असणार. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला. १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह, ४ जुलैला तिकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा. वडगावला १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं, यॉर्कटाउनला १७८१ साली अमेरिकनांनी. तिथे हरलेला कॉर्नवॉलिस पुढे पाचच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, हे मी वर्गात सांगितलं की मुलं नेहमी हसायची. संविधान १७८७ चं, फिलाडेल्फियात लिहिलेलं. जाहीरनामाही त्याच गावचा, आणि आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या तेही तिथेच. लिंकनने १८६३ साली गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांनाच. गंज पेठेतला फुले वाडा सासूबाईंच्या घरापासून लांब नाही. एकदा घेऊन जा, यादवी युद्धावरचे प्रश्न परत विचारावे लागणार नाहीत.

नागरिकशास्त्रात मात्र आपलं ज्ञानच आडवं येतं. ‘कायदे कोण करतं?’ याचं उत्तर ‘काँग्रेस’, आणि आपल्या कानाला तो पक्ष वाटतो. आपली लोकसभा ५४३, त्यांचं हाउस, म्हणजे खालचं सभागृह, ४३५, तेच तीन आकडे उलटसुलट. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, सिनेटर थेट लोक निवडतात. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आणि गोव्याची एक, तर सिनेटमध्ये राज्य केवढंही असो, दोनच, म्हणून एकूण १००. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यांचा प्रेसिडेंट स्वतः कारभार हाकतो आणि त्याचे मंत्री खासदार नसतात. हे फरक एका कागदावर समोरासमोर मांडून द्या. एकच गोष्ट दोन्हीकडे सारखी सापडेल: ‘वी द पीपल’ आणि ‘आम्ही भारताचे लोक’.

प्रश्नात जितकं मागितलं तितकंच सांगायचं. ‘एक सांगा’ म्हटलं की एकच. आम्हा मास्तर लोकांना हे फार जड जातं. मूळ १३ राज्यांपैकी पाच विचारली तर तुमच्याच आसपासची सांगून टाकायची: न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया. प्रेसिडेंट, स्पीकर, गव्हर्नर, तुमचे सिनेटर ही नावं मुलाखतीच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर परत बघा, त्या दिवशी पदावर असेल त्याचंच नाव चालतं. वाचन आणि लेखन किरकोळ आहे, तीनपैकी एक वाक्य जमलं की झालं, शब्दांची यादीही छोटी. फक्त बऱ्याच ठिकाणी टॅबलेटवर लिहायला देतात. माझा हात काचेवरून घसरला होता, तेव्हा नातवाच्या टॅबवर थोडं श्रुतलेखन करून घ्या.

पुण्यातला मुक्काम मात्र मोजा. एका खेपेला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटल्याचा प्रश्न उभा राहतो, अर्ज भरल्यानंतरही. तेव्हा होळीपर्यंत, फार तर गुढीपाडव्यापर्यंत परत जाऊ द्या. आणि शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे येण्या-राहण्यासाठी मिळतं ते) काढावं लागतं, हे त्यांना स्वतः सांगा. ओसीआयवर इथे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. गावाकडे काही वाटणी व्हायची असेल तर आधी वकिलाला विचारा. माझ्याकडे हे कुणी बोललं नव्हतं, आणि पासपोर्टवर रद्दचा शिक्का बघून मी दोन दिवस गप्प होते.

सासूबाई पुण्यात आहेत तोवर माझ्याकडे फोनवर सराव करायला हरकत नाही, मला निरोप पाठवा. रविवारी सकाळी साडेनऊ, चहा झाल्यावर. अर्ज जवळ ठेवून बसायला सांगा, आणि समोरची बाई मराठी बोलते हे मात्र सांगू नका.