चालक वयोवृद्ध असल्यास भरपाईचा हक्क कमी होतो का?

प्रश्न : माझी पत्नी (वय 61) पदपथावर उभी असताना वाहनतळातून बाहेर पडणारी एक मोटार थेट पदपथावर चढली. धडकेत पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली असली तरी ती अजून वॉकरशिवाय चालू शकत नाही. चालकाचे वय 79 आहे. अपघाताच्या जागी ते ‘मी ब्रेकच दाबला होता’ असे सर्वांना सांगत होते. आता त्यांचा मुलगा म्हणतो की वडिलांना अचानक भोवळ आली, त्यात कोणाचाच दोष नाही. त्यांच्या वयाकडे पाहून रुग्णालयाचे बिल घ्या आणि तडजोडीच्या कागदावर सही करा. विमा कंपनीचा प्रतिनिधी पत्नीच्या हाडांच्या जुन्या ठिसूळपणावर बोट ठेवतो. आम्ही काय करावे?

उत्तर : सही तूर्त करू नका. अशा कागदात ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ अशी ओळ बहुधा असतेच, आणि उद्या दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचा खर्च मागण्याची वाट त्या ओळीने बंद होते. पत्नीची प्रकृती आता आणखी किती सुधारेल, हे डॉक्टर लेखी सांगू शकतील तेव्हाच रकमेची बोलणी करणे शहाणपणाचे आहे.

वयाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो. चालक वृद्ध आहे म्हणून त्याची जबाबदारी कमी होत नाही. त्याचबरोबर तो वृद्ध आहे एवढ्यावरून निष्काळजीपणाही सिद्ध होत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1971 मध्ये ‘नेटलशिप विरुद्ध वेस्टन’ या प्रकरणात शिकाऊ चालकालाही सक्षम चालकाचाच निकष लावला, आणि तोच निकष पन्नास वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही लागू होतो. म्हणून तुमच्या दाव्यात ‘79 वर्षांच्या माणसाने गाडी चालवावीच कशाला’ हा सूर नसावा. त्याने सहानुभूती चालकाकडे झुकते आणि हाती पुरावा मात्र काहीच लागत नाही.

खरा वाद भोवळीचा आहे. पूर्वकल्पना नसताना शुद्ध हरपली आणि गाडीवरचा ताबा सुटला, तर चालकाला दोषी धरता येत नाही, हे तत्त्व अनेक देशांत मान्य आहे. परंतु ते सिद्ध करण्याचा भार व्यवहारात चालकाच्याच बाजूवर येऊन पडतो. या संदर्भात दोन इंग्लिश निकाल शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘रॉबर्ट्स विरुद्ध रॅम्सबॉटम’ (1980) मध्ये 73 वर्षांच्या चालकाला घरून निघण्याच्या सुमारास मेंदूचा झटका आला होता. वाटेत एका उभ्या व्हॅनला धडकूनही तो पुढे जात राहिला, आणि त्याला जबाबदार धरण्यात आले. याउलट ‘मॅन्सफील्ड विरुद्ध वीटाबिक्स’ (1998) मधील लॉरीचालकाच्या रक्तातील साखर त्याला माहीतच नसलेल्या आजारामुळे घसरली होती, आणि तो सुटला. त्याच निकालात पहिल्या प्रकरणाचा उलगडाही झाला : आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे रॅम्सबॉटम यांना कळायला हवे होते, म्हणून ते जबाबदार ठरले. तुमच्या प्रकरणातही प्रश्न हाच आहे. यापूर्वी भोवळ आली होती का, गुंगी आणणारे औषध चालू होते का, डॉक्टरांनी गाडी चालवू नका असे बजावले होते का, परवाना नूतनीकरणाच्या अर्जात प्रकृतीविषयी काय लिहिले होते, ही कागदपत्रे वकिलामार्फत मागवून घ्यावीत. मुलाला वडिलांचा त्रास ठाऊक असूनही त्याने स्वतःच्या मालकीची गाडी त्यांच्या हाती दिली असेल, तर त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते.

मात्र भोवळ आलेल्या माणसाला आपण कोणता पेडल दाबला हे इतक्या खात्रीने आठवावे, ही विसंगती माझ्या मते तुमच्या हातातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ते वाक्य ज्यांनी ऐकले त्यांची नावे व जबाब लगेच नोंदवून घ्या. टोकियोतील इकेबुकुरो भागात 19 एप्रिल 2019 रोजी 87 वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक महिला व तिची तीन वर्षांची मुलगी मृत्युमुखी पडली. चालकाने गाडीतच बिघाड असल्याचे सांगितले होते, पण तपासात ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेल्याचे दिसून आले. 2021 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि 2023 मध्ये दिवाणी न्यायालयाने सुमारे 14 कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये धडकेपूर्वीच्या काही सेकंदांतील वेग आणि पेडलची स्थिती नोंदवणारे उपकरण असते. गाडी दुरुस्तीला किंवा भंगारात गेली की ही नोंद हाती लागेलच असे नाही, म्हणून ती जपून ठेवण्याची लेखी सूचना गाडीमालक व विमा कंपनी या दोघांनाही याच आठवड्यात पोहोचली पाहिजे. वाहनतळावरील कॅमेऱ्याच्या चित्रणालाही हेच लागू आहे.

ठिसूळ हाडांची सबब फारशी टिकणारी नाही. जखमी माणूस जसा असेल तसा स्वीकारावा लागतो. दणकट माणसाचे हाड मोडले नसते, हा बचाव होऊ शकत नाही. अपघातापूर्वीही जो त्रास होताच, तेवढा मात्र वजा होईल. त्यामुळे जुने एक्स-रे लपवू नका, उलट अपघातापूर्वी पत्नी कोणती कामे स्वतः करत होती हे दाखवण्यासाठी तेच वापरा.

मागणीत झालेला व पुढे होणारा औषधोपचार, बुडालेले उत्पन्न, वेदना आणि तुम्ही स्वतः करत असलेली शुश्रूषा हे सारे येते. घरातल्या माणसाने केलेली सेवा फुकट समजून सोडून देणारे दावेदार मी नेहमी पाहतो. पत्नीला उठवणे, आंघोळ घालणे, रुग्णालयात नेणे यांची तारीखवार नोंद आजपासून ठेवा.

दाव्याची मुदत देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये ती साधारणतः तीन वर्षे, तर कॅलिफोर्नियात दोन वर्षे आहे. तडजोडीची बोलणी चालू आहेत एवढ्याने ही मुदत आपोआप थांबत नाही, म्हणून तुम्हाला लागू असलेली तारीख वकिलाकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या.