भारी जमिनीतला खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यात भरलेला हौद

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं परत आठवलं. दिंडोरीकडे डोंगराच्या पायथ्याला सहा फुटांहून खोल काळी जमीन, तीन-सव्वातीन फुटी खड्डे, त्यात मुरूम-शेणखत, वर पेरू. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली आणि झाडं माना टाकताहेत. तुम्ही विचारलंय, पाणी वाढवू का? अजिबात वाढवू नका. ड्रीप आजच बंद करा. झाडांना पाणी कमी पडलेलं नाही, ती बुडताहेत. मुळं हवेविना मेली की चिखलात उभं झाडसुद्धा तहानल्यासारखं दिसतं.

खात्री हवी असेल तर एका मेलेल्या झाडाशेजारी खड्ड्याच्या तळापर्यंत टोकरून बघा. खालची माती काळ्याऐवजी निळसर राखाडी दिसली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर प्रश्न मिटला. मुळाची साल चिमटीत धरून ओढली तर मोज्यासारखी निघून येते.

खड्ड्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात महाग हीच चूक पडते. आमच्याकडे अनुदानाच्या कार्यालयाने १ मी × १ मी × १ मी माप भरलं नाही तर मोजणी होणार नाही, एवढंच ऐकवलं. जमीन भारी की हलकी, हे कोणी विचारलंच नाही. आजही राग येतो त्याचा. ते माप मुरमाड जमिनीसाठी बरोबर आहे. तिथे खालचा कडक थर फोडायचा असतो आणि जास्तीचं पाणी खाली निघून जातं. भारी चिकणमातीत याच्या बरोबर उलट होतं.

या मातीतली चिकण भिजली की फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा असतात, पहिला पाऊस त्यांतून भसाभस आत जातो. पण एकदा भेगा मिटल्या की भिजलेल्या थरातून पाणी तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर उतरतं, खाली त्याहूनही कमी. तुमच्या खड्ड्यातला मुरूम मात्र मोकळा आहे. १००० लिटरच्या खड्ड्यात निम्म्याच्या आसपास पोकळी धरली तर चार-पाचशे लिटर पाणी साठतं, आणि बाजूंनी निघायला वाट नसते. त्यात खड्डे जेसीबीने ओल्या मातीत घेतले असतील तर बकेटने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. आजूबाजूचं पाणीही सगळीकडून त्याच मोकळ्या जागेत शिरतं. मग झाड हौदात लावल्यासारखंच झालं.

पायथ्याच्या जमिनीत आणखी एक भर पडते, ती म्हणजे उपळ. डोंगराच्या मुरमातून उतरलेलं पाणी चिकणमातीच्या थराशी येऊन अडतं आणि वर फुटतं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी शेताच्या वरच्या अंगाला चिखल राहतो, तो यामुळे. वरून कितीही सऱ्या काढा, ही ओल खालून येते. त्यासाठी वरच्या बांधाला समांतर चर घ्यावा लागतो, आणि तो मुरमाच्या तोंडापर्यंत गेला पाहिजे, साधारण तीन ते चार फूट. दोन फुटांचा दिखाऊ चर घेऊन उपयोग नाही, उपळ त्याच्या खालून निघून जाते. चराला उतार देऊन पाणी नाल्याला काढा, शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

आता पुढचं. नवीन लावणीत खड्डा घ्यायचाच नाही. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत असताना सबसॉयलर (ट्रॅक्टरला जोडायचा, खालचा थर फोडणारा लांब फाळ) दीड-दोन फूट खोल मारा. कोरडी माती तडकून फुटते, ओलीत तोच फाळ नुसती चीर पाडतो आणि आजूबाजूची माती दाबतो. मग वरंबे ओढा: उंची दीड ते दोन फूट, बुडाशी रुंदी सहा फूट, माथा तीन फूट. वरंब्यांना १०० फुटांत ५ ते ९ इंच एवढाच उतार ठेवा. कमी असला तर पाणी तुंबतं, जास्त असला तर सरीतली माती वाहून जाते. झाड वरंब्याच्या माथ्यावर, पिशवीतला गोळा मावेल एवढ्याच जागेत लावा, बुंधा मातीच्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच वर. भरायला त्याच शेतातली माती आणि कुजलेलं शेणखत. मुरूम नको, वाळू तर मुळीच नको.

वाळूचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला आहे, म्हणून हिशोबच मांडतो. एका एकरात वरचा सहा इंचांचा थर म्हणजे साधारण ६०० घनमीटर माती. पोत खरोखर बदलायचा तर निदान निम्मी वाळू हवी, म्हणजे शंभरावर ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तेवढी कोणी टाकत नाही. थोडी टाकली तर चिकणमातीत घट्ट बसून उलट विटेसारखी होते. जिप्समचंही तसंच. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि विनिमय सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) १५ टक्क्यांच्या वर, म्हणजे चोपण जमीन असेल तरच ते काम करतं. तुमच्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे दिसतात असं तुम्हीच लिहिलंय. तिथे नुसतं जिप्सम म्हणजे पैसे मातीत. तरी तपासणी करा, आणि फळझाडासाठी नमुना ०-१, १-२, २-३ फूट असा थराथराने वेगळा द्या. वरच्या २० सेंटिमीटरचा एकत्र नमुना हंगामी पिकाला चालतो, बागेला नाही. मुक्त चुना, म्हणजे मातीत मिसळलेली चुनखडी, दहा टक्क्यांच्या वर आला तर आणखी जपून.

पिवळेपणावर लोह म्हणून फेरस सल्फेट मातीत टाकू नका, चुन्यात लगेच अडकून बसतं. चिलेट, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह मिळतं; त्यातलं ईडीटीए लोहसुद्धा या सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. पण आधी पाणी काढा. मुळाला हवा मिळाली की निम्मा पिवळेपणा आपोआप जातो.

ड्रीप या मातीत खाली कमी, आडवं जास्त पसरतं. तासाला २ लिटरचे ड्रीपर घ्या, बुंध्यापासून फूटभर लांब, आणि रोज थोडं देण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी. वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहे का, ते बघूनच. अर्धा फूट खालची माती तळहातावर वळा. वळताना सुतळीसारखी दोरी झाली तर अजून ओली आहे, ट्रॅक्टर घालू नका, पाणीही देऊ नका. दोरी तुटून चुरा झाला की वापसा. या जमिनीत तो चार-पाच दिवसच राहतो. तेवढ्यात मशागत उरकली नाही तर ढेकळं फोडायला हातोडा लागेल.

थंडीचं सांगतो, कारण तुमच्या भागात रात्री पारा दहा अंशांच्या खाली येतो आणि गार हवा खोलगटीत साचते. तेव्हा झाडाखाली पाचटाचं जाड आच्छादन ठेवू नका, मातीतली ऊब वर येत नाही. उघडी, तणविरहित, किंचित ओली काळी माती रात्री जास्त ऊब सोडते. पहाटे हलकं पाणी चालेल, तुंबवू नका.

माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या: सगळ्या क्षेत्रात फळबाग नको. सीताफळ आणि डाळिंबाला हलकी-मध्यम, निचऱ्याची जमीनच लागते, पपईला दोन दिवस तुंबलेलं पाणीही झेपत नाही. पेरू त्यातल्या त्यात सोसतो. खालच्या खोलगटीत हरभरा आणि गहू घ्या. या मातीत मीटरभर खोलीला १५० ते २०० मिलिमीटर पाणी पिकाला मिळेल असं साठतं आणि वर थंडी असते, तिथला हरभरा एक-दोन पाण्यांवर निघतो. कांदा करायचा तर गादीवाफ्यावर, सपाट वाफ्यात गड्डा नीट पोसत नाही. आणि मोटारीची खोली साध्या पायावर बांधू नका, भिंतीला तिरकी भेग जाईल. अशा मातीत पायासाठी बुडाशी फुगीर पाइल (जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब) साडेतीन मीटर तरी खाली नेतात.

आता उभ्या झाडांचं. प्रत्येक खड्ड्याला खालच्या उताराच्या बाजूने चिकटून जाणारा एकच चर, खड्ड्याच्या तळाहून थोडा खोल, त्यात भोकांचा पाइप आणि खडी, तोंड नाल्यात. नाला तेवढा खोल नसेल तर हा खर्च करू नका. माती वापशावर आल्यावर हातानेच खणा. बुंध्याला मातीची भर घालू नका, साल सडते. वर्षाच्या आतली जी झाडं निम्म्याहून वाळली आहेत ती वाचवत बसण्यापेक्षा जूनमध्ये वरंब्यावर नवी लावलेली परवडतात.

हे सगळं खोल भारी काळ्या मातीपुरतं आहे. घाटमाथ्याच्या तांबड्या जमिनीला यातलं बरंचसं लागू नाही. एका खड्ड्याशेजारी पाच फूट खोल चाचणी खड्डा घ्या, पाणी भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी किती इंच उतरलं ते इथे लिहा. नाल्याचा तळ बांधापासून किती खोल आहे, तेही मोजा. त्यावर चराची खोली सांगता येईल.