तबकडीवरून सॉफ्टवेअर बसवताना

तबकडी ड्राइव्हमध्ये घालून थेट सेटअप सुरू करण्याची घाई करू नका. सीडीत सुमारे ७०० एमबी, तर एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते. ती सगळी आधी हार्ड डिस्कवर उतरवून घेतली, तर तबकडी कुठे खराब असल्यास नक्कल करतानाच कळते आणि सॉफ्टवेअर अर्धवट बसून राहत नाही. नक्कल एकाच जागी अडली आणि ड्राइव्ह घरघरू लागला, तर तबकडी बाहेर काढून मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेवरूनच धावतो आणि अधिक नडतो. डबीवरची ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे सॉफ्टवेअर बसवताना विचारला जाणारा अक्षरांचा-अंकांचा संकेत, मात्र आजच वहीत उतरवून ठेवा. डबी हरवल्यावर मी ती दिवसभर शोधत बसलो आहे.