वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती श्रद्धेत देवाची ओळख कशी होते?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांतील आजोबा म्हणतात की देव सृष्टीतून दिसतो, तर त्यांच्या नातवाच्या मते पवित्र शास्त्रावाचून (बायबलवाचून) देव कळणेच शक्य नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याला शास्त्रात आधार आहे, मात्र दोघांनीही आपापला आधार पुढे वाचायला हवा. आजोबांच्या बाजूने बायबलमधील १९ वे स्तोत्र उभे राहते, कारण त्याच्या आरंभीच आकाश देवाचा महिमा वर्णन करते असे म्हटले आहे. परंतु सहा ओव्या आकाश आणि सूर्य यांचे गुणगान करून तेच स्तोत्र सातव्या ओवीपासून एकाएकी परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळते, आणि देवाला ‘माझा उद्धारक’ अशी जिव्हाळ्याची हाक शेवटच्या ओवीतच येते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातही ख्रिस्ताचा प्रेषित पौल सांगतो की देवाचे सनातन सामर्थ्य आणि देवपण निर्मिलेल्या वस्तूंवरून कळून येते. पण त्याचा रोख सृष्टिसौंदर्याच्या कौतुकाकडे नाही. एवढे दिसत असूनही माणसांनी देवाचा गौरव केला नाही, म्हणून त्यांना काही सबब उरली नाही, असा तो आरोप ठेवतो.

या एका मुद्द्यावर ख्रिस्ती विचारवंतांत शतकानुशतके वाद झाला आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी देवाचे अस्तित्व बुद्धीने सिद्ध करण्याचे पाच मार्ग मांडले आणि १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, निर्मितीवरून मानवी बुद्धीला देव निश्चितपणे कळू शकतो, अशी कॅथलिक भूमिका घोषित केली. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन यांनी उलट बाजूवर भर दिला : दृष्टी मंदावलेल्या वृद्धापुढे सुंदर ग्रंथ ठेवला तरी चष्म्यावाचून त्याला दोन शब्द वाचता येत नाहीत, तसे शास्त्रावाचून सृष्टीचे होते. १९३४ मध्ये प्रोटेस्टंट धर्मपंडित एमिल ब्रुनर यांनी निसर्गातील प्रकटीकरणाला, म्हणजे देवाने निसर्गातून स्वतःची ओळख करून देण्याला, थोडी जागा देऊ केली, तेव्हा त्यांचेच समकालीन धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी ‘नाही!’ याच शीर्षकाची पुस्तिका लिहून ती नाकारली. हे कीस काढणे वाटेल. पण त्याच काळात जर्मनीतील नाझीधार्जिणे ख्रिस्ती लोक वंशात आणि राष्ट्राच्या इतिहासात देवाची इच्छा प्रकट झाल्याचे सांगत होते. म्हणूनच त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या, त्यांना विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीने जाहीर केले की शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द होय.

या घोषणेत नातवासाठीही उत्तर आहे. ख्रिस्ती श्रद्धेत प्रकटीकरणाचे केंद्र ग्रंथ नाही, व्यक्ती आहे. इब्री लोकांस लिहिलेले पत्र सुरू होते तेच असे की पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे नाना प्रकारे बोलला, परंतु आता तो पुत्राच्या द्वारे बोलला आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानानुसार देवाला कोणी कधीही पाहिलेले नाही, त्याला प्रकट केले ते एकुलत्या एका पुत्राने. शास्त्र या पुत्राची साक्ष देते, म्हणून ते अधिकारयुक्त. प्रोटेस्टंट मंडळ्या ही साक्ष श्रद्धेचे अंतिम प्रमाण मानतात. कॅथलिक चर्च तिच्या जोडीला प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही धरते, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देव माणसांशी मित्रांप्रमाणे बोलतो, असे म्हटले.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक हे बोलके उदाहरण आहे. आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचता वाचता ते ख्रिस्ताकडे वळले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते म्हणत. बार्थ यांना हे कितपत रुचले असते कोण जाणे. मला मात्र टिळकांचा अनुभव, शास्त्राबाहेरही देवाची चाहूल लागू शकते या अर्थाने, आजोबांच्या बाजूचा वाटतो.

प्रश्न : आमच्या मंडळीतील एक बाई आपल्याला स्वप्नात देवाचा संदेश मिळाल्याचे सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा काय?

उत्तर : स्वप्नांना शास्त्रात स्थान नाही असे म्हणता येणार नाही, याकोबाला बेथेल येथे आणि मरीयेचा पती योसेफ याला स्वप्नांतूनच मार्गदर्शन झाले. परंतु अशा अनुभवाने इतरांना बांधून घेता येत नाही. फ्रान्समधील लूर्द येथील १८५८ मधील मरीयेची दर्शने स्थानिक बिशपांनी चौकशीअंती १८६२ मध्ये विश्वसनीय ठरविली, तरीही कॅथलिक चर्चच्या दृष्टीने ती खाजगी प्रकटीकरणातच, म्हणजे एखाद्या व्यक्तीला झालेल्या दर्शनातच, मोडतात आणि त्यांवर विश्वास ठेवणे हा श्रद्धेचा अनिवार्य भाग नाही. थेस्सलनीकाकरांना पौल दोन्ही सांगतो : संदेशांचा धिक्कार करू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा. त्या बाईंनी आपला अनुभव प्रथम पाळकांना एकांतात सांगावा आणि त्यांनी तो ख्रिस्ताच्या शिकवणीशी ताडून पाहावा. स्वप्नातील भाकीत खरे ठरले एवढ्यावरून मात्र निर्णय करू नये, कारण जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायानुसार चिन्ह खरे ठरले तरी ते सांगणारा लोकांना देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकायचे नाही.